पाच प्रश्नचिन्हं

२००९च्या पावसाळ्यातली गोष्ट. सांगलीतल्या एका पतसंस्थेच्या कार्यालयात मी संगणकासमोर बसले होते आणि तिथले व्यवस्थापक काका माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर सभासदांची यादी होती. ‘सुरेश पाटील’ हे नाव जिथे असायला हवं होतं तिथे पाच प्रश्नचिन्हं, मग मोकळी जागा आणि पुन्हा पाच प्रश्नचिन्हं. त्याखाली ‘वसंत कदम’ यांच्या जागी चार आणि तीन. जुन्या सभासदांची तऱ्हा आणखी वेगळी. रोमन ‘ए’च्या डोक्यावर तिरकी रेघ, शेजारी चारी बाजूंना काड्या फुटलेलं छोटं वर्तुळ, मध्येच जपानी येनची खूण. काका बराच वेळ बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, पासबुकावर आता हे छापायचं?”

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पदविका पूर्ण करून तीन माणसांच्या एका छोट्या कार्यालयात लागले होते आणि त्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी जवळजवळ एकटीनं लिहिलं होतं. आठवडाभरापूर्वीपर्यंत सगळं बरं चाललं होतं. एकच खोट होती. लांब नावांचा शेवट कापला जायचा. ‘सुरेश पाटील’मधला ‘ल’ गळून तिथे चौकोन उमटायचा. तीस अक्षरांची जागा ठेवूनही असं का व्हावं, ते मला कळत नव्हतं. कुठेतरी वाचून मी एक ओळ वाढवली, ‘यापुढे यूटीएफ-८ या लिपिसंकेतात बोल’ अशा अर्थाची. कापलेली नावं आम्ही पुन्हा भरून घेतली आणि त्यानंतर हा प्रकार सुरू झाला. वरिष्ठ बाहेरगावी होते. फोनवर म्हणाले, “नेटवर विचार. तिथे जाणती माणसं असतात.”

त्या रात्री मी आयुष्यातला पहिला प्रश्न परक्या माणसांना विचारला. डेटाबेसवर काम करणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट होती, जगभरातली माणसं तिथे होती. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालेलं. ती सातआठ ओळींची मेल लिहायला मला दोन तास लागले. आजही ती जशीच्या तशी आठवते. विषयाच्या जागी ‘अर्जंट हेल्प नीडेड’. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर्स’. पुढे ‘आय हॅव अ डाउट’. मग मराठी डेटा नीट येत नाही एवढंच, आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. माझ्या समजुतीप्रमाणे मी अतिशय नम्रपणे लिहिलं होतं.

पहिलं उत्तर दहाबारा मिनिटांत आलं. मजकूर नव्हता, फक्त एक दुवा होता. मोठ्या आशेनं तो उघडला. शोधयंत्राचं पान आलं, बाण आपोआप सरकत चौकटीत गेला आणि माझ्याच मेलमधले शब्द एकेक अक्षर टाईप होऊ लागले. शेवटी वाक्य उमटलं, ‘इतकं अवघड होतं का?’ अशी चित्रफीत बनवून देणारं एक संकेतस्थळ आदल्याच वर्षी सुरू झालं होतं आणि प्रश्न विचारणाऱ्याला ते पाठवायची तेव्हा रीतच पडली होती. दुसऱ्या उत्तरात एकच वाक्य होतं: मॅन्युअल वाच.

मी संगणक बंद केला. कार्यालयात दुसरं कुणी नव्हतं, तरी कान तापले होते. वर्गात चुकीचं उत्तर दिल्यावर सगळी मुलं हसावीत, तसं काहीतरी झालं होतं. फक्त हा वर्ग जगाएवढा मोठा होता आणि माझं नाव तिथे कायमचं लिहिलं गेलं होतं.

मॅन्युअल वाचायला माझी ना नव्हती. ते मी उघडलंही होतं. पण हजारो पानांत बघायचं कुठे? माझ्या अडचणीचं नाव ‘कॅरॅक्टर सेट’ आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. शोधायला आधी शब्द लागतो आणि नेमका तोच शब्द नवशिक्याकडे नसतो. जाणत्याच्या जिभेवर तो इतका रुळलेला असतो की, कुणाला तो माहीत नसेल हे त्याच्या मनातही येत नाही. ‘शोधून बघ’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा एवढीच एक गोष्ट विसरलेला असतो.

सकाळी तिसरं उत्तर आलेलं होतं. लिहिणाऱ्याच्या सहीत फक्त दोन आद्याक्षरं होती. तो पुरुष की बाई, कुठल्या देशातला, मला आजही माहीत नाही. त्यानं उत्तर दिलं नव्हतं, चार प्रश्न विचारले होते. डेटाबेसची आवृत्ती कुठली? पडद्यावर नेमकं काय दिसतं? प्रश्नचिन्हं की विचित्र अक्षरं? जुन्या आणि नव्या नोंदींत फरक आहे का? आणि शेवटी एका ओळीची आज्ञा दिली होती. एका जुन्या आणि एका नव्या नावावर ही चालव आणि जे येईल ते जसंच्या तसं इथे चिकटव.

ती आज्ञा साठवलेल्या मजकुराचे कच्चे आकडे दाखवते. मी ती चालवली. जुन्या नावासाठी ‘ई० ए४’नं सुरू होणारी लांबलचक मालिका आली. नव्या नावासाठी ‘३एफ ३एफ ३एफ’ एवढंच, पुन्हा पुन्हा. मी दोन्ही पाठवली.

त्याचं पुढचं पत्र मी छापून कितीतरी वर्षं जपलं. त्यात त्यानं समजावलं होतं की, यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि मात्रा हे वेगळं चिन्ह धरलं जातं. म्हणजे ‘सुरेश’ आपल्याला तीन अक्षरांचा वाटला, तरी संगणकाच्या हिशेबी तो पाच चिन्हांचा. पाच प्रश्नचिन्हं त्यामुळे. ‘सुरेश पाटील’ला मधली मोकळी जागा धरून एकतीस बाइट लागतात. माझा रकाना तीसचा. ‘ल’चा तिसरा बाइट बाहेर राहत होता आणि उरलेल्या दोन बाइटांचा चौकोन दिसत होता. आमचा डेटाबेस होता मायएसक्यूएल, स्वीडनमध्ये जन्मलेलं. त्यामुळे काही सांगितलं नाही तर तेव्हा ते लॅटिन लिपी आणि स्वीडिश वर्णक्रम गृहीत धरायचं. माझ्या सांगलीच्या सभासदांची यादी मी नकळत स्वीडिश कपाटात ठेवत होते. मी ती एक ओळ वाढवेपर्यंत त्या कपाटाला आत काय आहे याचा पत्ताच नव्हता, बाइट मुकाट्यानं आत जायचे आणि तसेच बाहेर यायचे. ओळ वाढवल्यावर ते भाषांतर करू लागलं. लॅटिनमध्ये ‘स’ नाही, म्हणून त्याजागी प्रश्नचिन्ह.

मग त्यानं कामाचं सांगितलं. ‘३एफ’ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्हच. ती नावं गेली, ती कागदावरून पुन्हा भरावी लागतील. पण ‘ई० ए४’वाली जुनी नावं शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसताहेत. आधी प्रत काढून ठेव. मग रकान्याचा प्रकार बदलून तो नुसत्या बाइटांचा कर, त्याला लिपीच सांगू नकोस. त्यानंतर यूटीएफ-८ सांग. एका पायरीत केलंस तर पुन्हा भाषांतर होईल आणि चांगली नावंही बिघडतील.

दुपारपर्यंत हजारावर नावं जागेवर आली. उरलेली आम्ही दोन दिवस अर्जांच्या गठ्ठ्यातून भरली. काका स्वतः एकेक नाव वाचून दाखवत होते.

त्या चार प्रश्नांत काय काय होतं, हे मला पुढे हळूहळू उमगलं. ‘प्रश्नचिन्हं की विचित्र अक्षरं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला माझा रोग आधीच कळला होता. पण त्यानं निदान माझ्यासमोर, माझ्या हातून होऊ दिलं. पुढच्या वेळी काय बघायचं, ते मी त्यातून शिकले. शिवाय माझ्या मेलमध्ये काय काय नव्हतं, याबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता. नुसतं मागून घेतलं होतं.

दोनेक वर्षांनी मला एका अनोळखी माणसाची मेल आली. तो नेपाळचा होता. एका शाळेची हजेरी संगणकावर घेत होता आणि मुलांच्या नावांची प्रश्नचिन्हं झाली होती. शोधता शोधता त्याला माझी जुनी मेल सापडली होती, ती ‘रिस्पेक्टेड सर्स’वाली. तिची मला लाज वाटायची. पण त्याला वाट दाखवली ती तिनंच, कारण कॅरॅक्टर सेट हा शब्द त्यालाही माहीत नव्हता. त्यानं ‘डेटा नीट येत नाही’ असंच शोधलं होतं. नवशिक्याच्या भाषेत विचारलेला प्रश्न दुसऱ्या नवशिक्यालाच सापडतो. मी त्याला तेच चार प्रश्न पाठवले.

*

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगते आहे, कारण पुढे मी स्वतः त्या दुसऱ्या उत्तरवाल्याच्या जागी जाऊन बसले.

२०१७पर्यंत मी पुण्यात स्थिरावले होते. मराठी मुलांसाठी चालणाऱ्या, पायथन या संगणकभाषेच्या एका गटात रोज रात्री तासभर प्रश्नांची उत्तरं द्यायचे. पहिल्या वर्षी मन लावून दिली. दुसऱ्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले आणि आतून काहीतरी आटायला लागलं. एका रात्री अकराच्या सुमाराला एका मुलानं विचारलं की, त्याच्या दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये ‘नाही’ टाईप केलं तरी बिल छापलं जातंय. त्याची ओळ अशा अर्थाची होती: उत्तर बरोबर ‘हो’ किंवा ‘होय’ असेल तर बिल छाप.

मी लिहिलं, ‘ऑपरेटर प्रिसिडन्स वाच. हे पहिल्याच प्रकरणात आहे.’ दोन जुन्या सदस्यांनी त्यावर अंगठे उमटवले.

सकाळी बघितलं तर त्याचा प्रश्न तिथे नव्हता. त्याचं नावही गटात नव्हतं. आधी मला काहीच वाटलं नाही. दुपारी जेवताना त्याची ती ओळ पुन्हा डोळ्यांपुढे आली आणि घास तोंडातच राहिला. ‘हो किंवा होय म्हणाला तर’ असंच तर आपण बोलतो. ‘हो म्हणाला किंवा होय म्हणाला तर’ असं घरी कोण बोलतं? त्या मुलानं यंत्राशी माणसासारखा संवाद केला होता. त्याची चूक शहाण्या माणसाची चूक होती. पायथन मात्र प्रिसिडन्सच्या, म्हणजे कुठली क्रिया आधी करायची याच्या, नियमानं त्या ओळीचे दोन तुकडे करतं. ‘उत्तर हो आहे’ हा एक आणि नुसतं ‘होय’ हा दुसरा. रिकामा नसलेला कुठलाही शब्द पायथनला ‘खरा’ वाटतो, म्हणून दुसरा तुकडा कायम खरा आणि बिल कायम छापलं जाणार. म्हणजे मी दिलेलं उत्तर अर्धंच होतं. प्रिसिडन्सचं प्रकरण पाठ करूनही नुसता ‘होय’ खरा कसा, हे त्याला कळलं नसतं. मी त्याला घाईत चुकीच्या दारापाशी सोडलं होतं आणि वर तो पहिल्या प्रकरणात नापास असल्याचंही सांगितलं होतं.

त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. कदाचित तो दुसरीकडे शिकला असेल. पण त्या रात्री संगणक बंद करताना त्याचेही कान तापले असणार, एवढं मला नक्की माहीत आहे.

माझ्या स्वभावात एवढा कोरडेपणा कुठून आला, याचा मी पुष्कळ विचार केला. थोडं वाचलंही. इंटरनेट घराघरात येण्याआधी यूजनेट नावाची चर्चेची व्यवस्था होती आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांतली मंडळी तिच्यावर असायची. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी यायचे, आपल्याकडे जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरतो तसे. त्यांच्या चुका व्हायच्या, जुनी माणसं त्यांना रीतभात सांगायची आणि महिनाभरात सगळे एकमेकांत मिसळून जायचे. १९९३ साली व्यावसायिक सेवांमधून सामान्य ग्राहकही तिथे येऊ लागले, १९९४मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीनं आपल्या ग्राहकांना दार उघडून दिलं आणि नव्यांचा ओघ थांबेनाच. त्या काळाला जुनी माणसं आजही ‘न संपलेला सप्टेंबर’ म्हणतात. म्हणताना त्यांच्या स्वरात वैताग असतो. मला मात्र यात एक साधा हिशेब दिसला. पन्नास जणांना रीत शिकवता येते. पन्नास हजार दारात उभे राहिले की शिकवणारा थकतो आणि दारवान होतो. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे आपण सगळेच त्या न संपलेल्या सप्टेंबरात आलेली मुलं आहोत.

पुढे २००८मध्ये जेफ अटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा त्यांच्या मनात गप्पांचा कट्टा नव्हता. एक प्रश्न एकदाच विचारला जावा आणि त्याचं उत्तर पुढच्या हजारोंना सापडावं, असं ते भांडार होतं. त्यामुळे तिथे ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहे’ हेसुद्धा फापटपसारा म्हणून काढून टाकायची पद्धत पडली, आणि आधी विचारलेला प्रश्न पुन्हा आला की तो बंद करायचा नियम. या शिस्तीचा मला रोज फायदा होतो. माझी निम्मी अडलेली कामं तिथल्या उत्तरांनी सुटली आहेत. पण ज्याला आपला प्रश्न कुणाच्या प्रश्नाशी जुळतो तेच ओळखता येत नाही, त्याच्या हाती या शिस्तीतून फक्त बंद दार येतं. एप्रिल २०१८मध्ये तिथल्या चालकांनीच जाहीर लिहून कबूल केलं की, नवख्यांना, स्त्रियांना आणि इतर बऱ्याच जणांना ही जागा परकी वाटते आणि हे बदलायला हवं. त्याच वर्षी वागणुकीची नवी नियमावली आली आणि पहिल्यांदा प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाशेजारी ‘हा नवा आहे, सांभाळून’ असं सुचवणारी खूण लागली. एवढ्या मोठ्या जागेला ते म्हणावं लागलं, म्हणजे दुखणं एकट्यादुकट्याचं नव्हतं.

कोरडेपणाचं दुसरं कारण आपल्या डोक्यातच असतं. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा आणि समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली तीन. मी हा खेळ घरी करून बघितला. गणपतीच्या आरतीचा ठेका वाजवला, जी माझ्या लेकीला झोपेतही म्हणता येईल. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला मात्र वाजवताना झांजांसकट पूर्ण आरती ऐकू येत होती. ‘ऑपरेटर प्रिसिडन्स वाच’ म्हणताना माझ्या डोक्यात संपूर्ण आरती चालू होती. त्या मुलाला फक्त टकटक ऐकू गेली.

*

त्यानंतर मी माझ्यापुरत्या काही सवयी लावून घेतल्या.

पहिली म्हणजे आश्चर्य दाखवायचं नाही. ‘अगं, तुला हे माहीत नाही?’ हे वाक्य आपल्या तोंडी इतकं बसलेलं आहे की ते टोचतं, हेच आपल्याला कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये रिकर्स सेंटर नावाची प्रोग्रामर मंडळींनी एकत्र येऊन शिकायची जागा आहे. तिथल्या अगदी मोजक्या नियमांत हा एक नियम आहे: खोटं आश्चर्य दाखवायचं नाही. वाचलं तेव्हा मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीचा नियम कशाला? मग आठवडाभर स्वतःकडे लक्ष ठेवलं आणि नियम का लागतो ते कळलं.

दुसरी सवय, शब्द द्यायचा. नुसता दुवा फेकायचा नाही. ‘याला कॅरॅक्टर सेट म्हणतात, या पानावरचा तिसरा परिच्छेद वाच, नाही कळलं तर इथेच विचार’ एवढं लिहायला अर्धं मिनिट जास्त लागतं. पण त्या शब्दानं त्या माणसाला पुढच्या दहा अडचणींत स्वतः शोधता येतं. ‘मॅन्युअल वाच’ हा सल्ला वाईट नाहीच. मॅन्युअल वाचायची सवय लागल्याशिवाय या धंद्यात निभाव लागत नाही. पण त्याचं दार कुठल्या बाजूला आहे, हे पहिल्यांदा कुणीतरी दाखवावं लागतं.

तिसरी सवय मूळ काम विचारायची. एकदा एकानं विचारलं, फाईलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढायची? उत्तर सोपं आहे, एका ओळीचं. पण ‘कशासाठी हवीत?’ असं विचारल्यावर कळलं की त्याला फक्त छायाचित्रांच्या फाईली वेगळ्या काढायच्या आहेत, आणि काही फाईलींचा शेवट ‘जेपीजी’ असतो तर काहींचा ‘जेपीईजी’, म्हणजे चार अक्षरांचा. तीन अक्षरांचं उत्तर देऊन मी त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकायला पाठवलं असतं. माणूस अडचण सांगत नाही, त्याला सुचलेल्या वाटेत जिथे ठेच लागली ते सांगतो.

आणि चौथी सवय, दमलेलं असताना गप्प बसायचं. उत्तर देणं ही कुणाची नोकरी नाही. मी नाही दिलं तर दुसरं कुणी देईल, सकाळी देईल. वैतागून लिहिलेल्या दोन ओळींपेक्षा माझं मौन त्या बिलवाल्या मुलाला जास्त उपयोगी पडलं असतं.

विचारणाऱ्यांनीही काही पाळायला हवं, हे मी गटात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. प्रोग्रामर एरिक रेमंड यांनी प्रश्न शहाणपणानं कसे विचारावेत यावर २००१मध्ये एक मोठा लेख लिहिला. त्याचा सूर मला फार कडक वाटतो, पण त्यातला सल्ला खरा आहे. विषयाच्या जागी ‘मदत हवी’ नको, नेमकी अडचण लिहा. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा. चूक दाखवणारा संदेश आपल्या शब्दांत सांगू नका, जसाच्या तसा चिकटवा, मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून पाठवू नका. पाचशे ओळींचा प्रोग्रॅम टाकण्याआधी तो कापत कापत दहा ओळींवर आणा आणि चूक तरीही होते का बघा. कापताना निम्म्या वेळा चूक स्वतःलाच सापडते. १९९९च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकापासून रबरी बदकाची गोष्ट सगळ्या प्रोग्रामरांना माहीत आहे. टेबलावर खेळण्यातलं बदक ठेवायचं आणि त्याला आपला प्रोग्रॅम ओळीओळीनं समजावून सांगायचा. समजावताना माणूस मध्येच थांबतो, कारण चूक दिसलेली असते.

मराठीतून शिकलेल्या मुलांना मी आणखी एक सांगते. आपण ‘शंका’ म्हणतो, तिचं ‘डाउट’ करून पाठवतो. आपल्याकडे शंका विचारणं हा शिकण्याचा भाग आहे, शिक्षकच तास संपताना ‘काही शंका?’ म्हणतात. पण इंग्रजी घरात वाढलेल्या माणसाला ‘आय हॅव अ डाउट’ वाचून वाटतं की, हा माझ्या म्हणण्यावर संशय घेतोय. ‘डू द नीडफुल’ आपल्याला अदबीचं वाटतं, त्याला हुकूम वाटतो. ‘अर्जंट’ तर फारच. उद्याची मुदत आपली असते, तो बिचारा आपला वेळ फुकट देत असतो. हे शब्द टाळा म्हणजे झालं. पण उत्तर देणाऱ्यांनाही मी तितकंच कळकळीनं सांगेन. ‘रिस्पेक्टेड सर’नं सुरू होणारी मेल दिसली तर तिच्यामागे दोन तास बसलेली एक मुलगी असू शकते.

नीट प्रश्न विचारणं हे कौशल्य आहे आणि तेसुद्धा कुणाकडून तरीच शिकावं लागतं. मला नियमांच्या पानानं ते शिकवलं नाही, चार उलट प्रश्नांनी शिकवलं. त्यानंतर मी पाठवलेल्या एकाही मेलमध्ये आवृत्तीचा आकडा द्यायचा राहून गेला नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी शिस्त हवी हे मान्य करूनही मला वाटतं, पहिलं पाऊल जाणत्यानं उचलावं. दोघांपैकी दुसरा कुठे उभा आहे हे दिसू शकतं ते त्यालाच.

२०२२च्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आलं आणि आता पुष्कळ मुलं आधी यंत्राला विचारतात. मी त्यांना दोष देत नाही. ते रात्री दोन वाजता उत्तर देतं आणि कधी रागावत नाही. कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा न लाजता विचारता आलं, हे लहान नाही. पण त्याची उत्तरं चुकीची असतानाही तितक्याच आत्मविश्वासानं येतात, आणि नवशिक्याला तेवढं तारतम्य अजून आलेलं नसतं. शिवाय तो प्रश्न तिथेच, त्या दोघांतच राहतो. नेपाळच्या त्या माणसासारख्याला तो सापडत नाही. ‘मीही इथेच अडकले होते’ हे सांगणारं माणूसही त्या मुलांना भेटत नाही, आणि मला वाटतं, टिकून राहायला तेच सगळ्यांत जास्त लागतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटात लातूरकडच्या एका मुलीनं लिहिलं, “ताई, एक साधी शंका आहे. मूर्खासारखी वाटेल.” तिनं नोटपॅडमध्ये गुणांची यादी करून ठेवली होती. फोल्डरमध्ये ती डोळ्यांना दिसत होती आणि पायथन म्हणत होतं अशी फाईलच नाही. उत्तर माझ्या लक्षात आलं होतं. नोटपॅडनं शेवटी स्वतःचं आणखी एक शेपूट जोडलं असणार आणि विंडोज ते लपवत असणार. पण मी तिला एका ओळीची आज्ञा दिली आणि लिहिलं, “या फोल्डरमध्ये पायथनला कोणत्या फाईली दिसतात ते विचार आणि जे येईल ते जसंच्या तसं इथे टाक.”

वीसेक मिनिटं काहीच आलं नाही. मग एकदम चार संदेश आले. तिला नावाचं शेपूट दिसलं होतं, विंडोजमध्ये ते उघडं कसं ठेवायचं हेही तिनं शोधलं होतं, आणि पुढच्यांसाठी म्हणून पायऱ्या क्रमांक घालून मराठीत लिहिल्या होत्या. मला काही सांगायलाच उरलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या एका मुलानं तोच प्रश्न विचारला. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर तिचा संदेश आला होता. पायऱ्यांचा दुवा तिनं दिला नव्हता. तिनं लिहिलं होतं, “पायथनला तिथे नेमकं काय दिसतंय, आधी ते बघून सांगतोस का?” मी माझं अर्धवट उत्तर पुसून टाकलं आणि तो काय सांगतो याची वाट बघत बसले.